पाच महिने लेकीकडे, सात महिने नाशकात – तिकडच्या गाडीचं तुम्ही काय करता?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघंही निवृत्त, मी चौसष्ट वर्षांची. गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या अलीकडे राहतो. मुलगी कॅलिफोर्नियात फोल्समला असते, सॅक्रामेंटोच्या जवळ. गेली तीन वर्षं आम्ही पाच-पाच महिने तिच्याकडे राहून येतो. यंदा सप्टेंबरअखेर निघायचं आहे.

नाशकात माझं गाडीवाचून अडतं. बावीस वर्षं चालवतेय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यांनी चालवणं सोडलं, तेव्हापासून घरची ड्रायव्हर मीच. भाजी, बँक, यांचा डॉक्टर, महिन्यातून एकदा त्र्यंबक, सगळं माझ्यावर. आणि तिकडे गेलं की दूध संपलं तरी लेक कामातून मोकळी होईपर्यंत बसून राहायचं. ती कधी नाही म्हणत नाही. पण मागच्या वेळी यांची दाढ ठणकायला लागली आणि तिची महत्त्वाची मीटिंग चालू होती. लॅपटॉप मिटताना तिचा झालेला चेहरा मी पाहिलाय. तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला माझ्या हाताशी गाडी हवी.

पर्याय तीन दिसतात. पाच महिने भाड्याने घ्यायची, जुनी छोटी गाडी विकत घ्यायची, किंवा लेकीची गाडी ती घरून काम करते त्या दिवशी वापरायची. जावई म्हणतात, आई, विकत घेऊनच टाकू. पण ती उरलेले सात महिने नुसती उभी राहणार. माझ्या नावावर होईल का? विमा मिळेल का? आणि भारतीय लायसन्सवर सलग पाच महिने चालवता येतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पेठरोडकर

ताई, तिकडचं तिकडचे सांगतील. इथलं मी सांगतो. जाण्याआधी पेठ रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, फॉर्म ४ए, फी १,००० रुपये. पासपोर्ट आणि चालू लायसन्स लागतं. मुदत एक वर्ष. २०२२ पासून सगळ्या राज्यांचा नमुना एकच झालाय, त्यावर क्यूआर कोड असतो.

परमिट हे लायसन्सचं भाषांतर आहे, लायसन्स नव्हे. तिकडे दोन्ही सोबत ठेवायची.

---

बे_एरियातला_सिन्नरकर

माझ्या आईबाबांसाठी मी हे सगळं केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

लायसन्स: कॅलिफोर्नियात पाहुणा म्हणून आलेल्या १८ वर्षांवरच्या माणसाला स्वतःच्या देशाच्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते. परमिटची कायद्याने सक्ती नाही, पण पोलिसाने थांबवलं किंवा भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर विचारलं तर उपयोगी पडतं. हा नियम फक्त या राज्याचा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, त्यामुळे ओहायोतल्या मावशीचं ऐकून कॅलिफोर्नियात वागू नका.

नाव: गाडी पाहुण्याच्या नावावर होऊ शकते, पण माझं स्पष्ट मत, तुमच्या नावावर करू नका. खरी अडचण विम्याची आहे. बऱ्याच कंपन्या इथलं लायसन्स मागतात. ज्या भारतीय लायसन्सवर देतात त्यांच्या लेखी तुमची बावीस वर्षं शून्य असतात, नवशिक्याचा हप्ता लावतात. गाडी लेकीच्या किंवा जावयाच्या नावावर ठेवा आणि त्यांच्या पॉलिसीत तुमचं नाव चालक म्हणून घाला.

हे नाव घालणं सगळ्यांत महत्त्वाचं. इथे विमा गाडीच्या मागे चालतो. एखाद्या मित्राने एक दिवस गाडी नेली तर साधारणपणे चालून जातं. पण घरात महिनोन् महिने राहणारा आणि नेहमी गाडी चालवणारा माणूस कंपनीला सांगितलेला नसेल, तर दाव्याच्या वेळी पंचाईत होते.

विम्याची रक्कम: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा वाढली. एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, एका अपघातात सगळ्यांची मिळून ६० हजार, दुसऱ्याच्या मालमत्तेला १५ हजार. आधी हेच आकडे १५, ३० आणि ५ होते. नवे आकडेही इथल्या हॉस्पिटलच्या बिलांपुढे तोकडेच. लेकीचं घर असेल तर तिने मर्यादा बरीच वर न्यावी आणि वरून अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ विम्याच्या वरचं जादा संरक्षण, घ्यावी. अपघात तुमच्या हातून झाला तरी मालक म्हणून जबाबदारी तिच्यावरही येऊ शकते.

उरलेले सात महिने: गाडी घराच्या गॅरेजमध्ये राहणार असेल तर डीएमव्हीकडे (इथलं आरटीओ) 'प्लॅन्ड नॉन-ऑपरेशन', म्हणजे गाडी रस्त्यावर येणार नाही असं, नोंदवता येतं. त्या काळात रस्त्यावरचा विमा लागत नाही. पण त्याच नोंदणी वर्षात गाडी पुन्हा रस्त्यावर आणली, तर नोंदणी फी पूर्ण भरावी लागते. मात्र ती सार्वजनिक रस्त्यावर चालवायची तर नाहीच, उभीसुद्धा करायची नाही.

---

मनमौजी

उबर आहे की! पाच महिन्यांत पाहिजे तेवढं फिरा, विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.

---

गोदाकाठची

@सिन्नरकर, किती नीट लिहिलंत! मुलीला जसंच्या तसं पाठवलं.

@मनमौजी, उबर वापरलीय. एकदा डॉक्टरकडे जायला ठीक आहे. पण भाजी घेतली, मग वाटलं लायब्ररीत डोकावू, तिथून तळ्यावर दहा मिनिटं बसू, असं उबरने होत नाही. प्रत्येक थांब्याला नवा हिशोब, मग माणूस घरीच बसतो.

---

काळजीवाहू

मला वेगळं वाटतं. राग मानू नका. चौसष्टाव्या वर्षी उलट्या बाजूने, सत्तर मैलांच्या वेगात गाडी चालवायची हौस कशाला? एका चुकीत मुलीचं घरदार पणाला लागेल. आपण तिकडे नातवंडांसाठी जातो. पाच महिने मुलांवर अवलंबून राहिलं तर काय बिघडलं? त्यांनी नाही का लहानपणी आपल्याला पळवलं?

---

रानजाई

@काळजीवाहू, पळवलं तुम्ही मुलांना, मुलांनी तुम्हाला नव्हे. :)

पण मुद्दा गंभीर आहे म्हणून लिहिते. मी टोरांटोजवळ असते. माझे सासू-सासरे नाशिकरोडचे, सुपर व्हिसावर (आईवडिलांना जास्त काळ राहता येतं तो कॅनडाचा व्हिसा) येतात. पहिल्या वर्षी आम्हीही 'कशाला उगाच' म्हणून त्यांना गाडी दिली नाही. सासरे एचएएलमध्ये, विमानांच्या कारखान्यात, आयुष्यभर काम केलेले, रोज ओझरला जाणारे. जानेवारीत ते खिडकीशी बसून समोरच्या रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक किती वाजता येतो याची नोंद ठेवायला लागले. वहीत. तारीख घालून. ती वही पाहून नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या वर्षी त्यांना इथल्या ट्रेनरकडे दहा धडे दिले. नंतर गाडी दिली, तीही फक्त दिवसा आणि फक्त गावातल्या गावात. हायवेवर आजही आम्हीच चालवतो. आता ते रोज सकाळी कम्युनिटी सेंटरला जातात, तिथे दोन पंजाबी दोस्त मिळालेत, बायकोला योगाच्या वर्गाला सोडतात. घरातली हवाच बदलली.

इथला नियम वेगळा आहे. ऑन्टारियोत तीन महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्या पाहुण्याला स्वतःच्या लायसन्सवर चालवता येतं. त्याहून जास्त राहणार असाल तर इंटरनॅशनल परमिट हवंच. विमा महाग आहे. आणि बर्फाचे टायर घाला. शेजारच्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च त्यांची सक्ती आहे, आमच्याकडे सक्ती नसली तरी आम्ही त्याशिवाय गाडी बाहेर काढू देत नाही.

---

काळजीवाहू

धडे देऊन, मर्यादा आखून दिलीत, हे पटलं. माझी हरकत 'इथे चालवते म्हणजे तिथेही जमेल' या गृहीतकाला होती.

---

सातपूर_ते_लेस्टर

इंग्लंडचं लिहितो, कारण हा धागा पुढे कुणीतरी शोधत येईल.

इथे पाहुण्याला भारतीय लायसन्सवर आल्यापासून १२ महिने साधी मोटार चालवता येते. डावी बाजू, उजवीकडे स्टिअरिंग, म्हणजे सवय मोडावी लागत नाही. राउंडअबाउटचा मात्र धसका घ्या. आपल्या द्वारका सर्कलला जो आधी घुसेल तो राजा. इथे उजवीकडून येणारा राजा.

वडिलांसाठी जुनी छोटी गाडी माझ्या नावावर घेतली. ते गेले की मी एसओआरएन नोंदवतो, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला (इथलं आरटीओ) कळवतो. त्यानंतर रोड टॅक्स नाही, उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत येतो, विमाही लागत नाही. पण गाडी आपल्या आवारातच हवी. घरासमोरच्या रस्त्यावर उभी केली तरी गुन्हा. ज्यांना ड्राइव्हवे नाही त्यांनी हा पर्याय विसरावा.

जुनी गाडी घेताना लक्षात ठेवा, आधीच्या मालकाचा टॅक्स तुमच्याकडे येत नाही. किल्ली हातात घेतानाच नवा भरायचा. तीन वर्षांहून जुनी असेल तर एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, चालू आहे का ते बघायचं. वडील कधी पंधरा दिवसांसाठीच आले तर मी दिवसांवर मिळणारा तात्पुरता विमा काढतो, परदेशी लायसन्स चालणाऱ्या कंपन्या आहेत.

---

स्टुटगार्टची_सिडकोवाली

जर्मनीत याहून सुंदर सोय आहे. सीझनची नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला दोन आकडे छापलेले असतात, समजा वर ०४ आणि खाली १०. म्हणजे गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर. टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. दर वर्षी नोंदणी काढा, पुन्हा करा अशी कटकट नाही. दोनपासून अकरा महिन्यांपर्यंत कितीही निवडता येतात. सीझन संपला की गाडी खाजगी जागेत. आमच्या शेजारच्या आजोबांची मोटरसायकल अशीच आहे, प्लेटवरचा महिना उजाडला की पहाटेपासून पुसत बसतात.

माझा प्रश्न उलटा आहे. आम्ही वर्षातून दोनदा, मिळून अडीच महिने सिडकोतल्या घरी येतो. तिथे आमची २०१७ ची पेट्रोल गाडी वर्षाचे साडेनऊ महिने झाकून उभी असते. दर वेळी बॅटरी उतरलेली, ब्रेक धरलेले, मागच्या वेळी तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. सुट्टीचे पहिले चार दिवस गॅरेजमध्ये. विकून टाकावी का?

---

अंबडचा_गॅरेजवाला

ताई, ही माझी रोजची रोजीरोटी आहे. डिसेंबरात एनआरआय मंडळी आली की आमच्याकडे अशा गाड्यांची रांग लागते. नीट सांगतो.

बॅटरी: जाताना निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर थोडं थोडं खात राहतात. दीड-दोन महिन्यांत बॅटरी बसते, आणि पूर्ण बसलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

हँडब्रेक: लावू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळा किंवा वीट द्या.

टायर: हवा नेहमीपेक्षा चार-पाच पॉइंट जास्त भरा. एका जागी उभी राहून टायर खालून बसतो, मग चालवताना धडधडतो.

पेट्रोल: टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत हवा राहते, हवेतली ओल आत धरते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. म्हणूनच साडेनऊ महिने जुनं पेट्रोल मला पटत नाही. मधे कुणीतरी चालवून ते संपवायला हवं.

कव्हर: प्लास्टिकचं अजिबात नको. आत घाम धरतो, पत्रा सडतो. कापडी घ्या.

उंदीर: गाडीत बिस्किटाचा एक तुकडाही ठेवू नका. जवळ कचरापेटी किंवा कबुतरांचं धान्य असेल तर जागा बदला.

आणि सर्वांत मोठी चूक. भाऊ किंवा शेजारी दर रविवारी येऊन पाच मिनिटं नुसतं इंजिन चालू करतो आणि बंद करतो. त्याने फायदा नाही, तोटाच आहे. इंजिन पूर्ण तापत नाही, पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, बॅटरी जितकी वापरली तितकी भरतसुद्धा नाही. पंधरा दिवसांतून एकदा, पण वीस मिनिटं रस्त्यावर पळवा. सिडकोतून पांडवलेण्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलं तरी पुष्कळ. असा माणूस मिळत असेल तर गाडी ठेवा. नसेल तर विका. माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण उभी गाडी सडताना बघवत नाही.

---

स्टुटगार्टची_सिडकोवाली

दादा, दर रविवारी पाच मिनिटं. आमचा दीर अगदी तेच करतो. आजच फोन करते. मनापासून आभार.

---

विम्यातला_माणूस

गॅरेजवाल्या दादांच्या प्रतिसादात भर. अशी गाडी ठेवणार असाल तर पॉलिसीची मुदत तुम्ही तिकडे असताना संपते का, ते आधी बघा. संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर वर्षानुवर्षं साठवलेला नो क्लेम बोनस जातो. दिराने गाडी रस्त्यावर पळवायची तर विमा आणि पीयूसी दोन्ही चालू हवेत.

---

मखमलाबादचा_नाना

अवांतर. माझी १९९४ ची मारुती ८०० अजून खणखणीत आहे. मुलगा डॅलसला असतो. तिलाच बोटीत घालून नेली तर? पोरगा त्याच गाडीत बसून शाळेत गेलाय.

---

बे_एरियातला_सिन्नरकर

नाना, वाटतं तितकं अशक्य नाही! अमेरिकेत बाहेरची गाडी आणायची तर ती तिथल्या सुरक्षा मानकांना उतरावी लागते, आणि आपल्याकडची साधी गाडी उतरत नाही. पण २५ वर्षांहून जुन्या गाडीला त्या अटीतून सूट आहे. प्रदूषणाच्या नियमातही २१ वर्षांहून जुन्या, मूळ इंजिन असलेल्या गाडीला सूट मिळते. म्हणजे तुमची ८०० बसते, पण तुमच्या शेजाऱ्याची दोन वर्षांची नवी एसयूव्ही बसत नाही. नंतर डॅलसच्या फ्रीवेवर ट्रकांच्या मधून तिला न्यायची का, ते तुम्ही ठरवा. मी तरी तिला मखमलाबादच्या मळ्यातच सुखी म्हणेन.

---

पेठरोडकर

उलटा प्रश्नही दर महिन्याला कानावर येतो, 'तिकडची गाडी इकडे आणतो'. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, आणि ती मुंबई बंदरातूनच आणायची. अमेरिकेतली गाडी स्टिअरिंगपाशीच बाद. इंग्लंडची बसली तरी सीमाशुल्क गाडीच्या किमतीहून जास्त, त्यावर आणखी कर. तेवढ्यात महिंद्राच्या सातपूरच्या कारखान्यातल्या गाड्यांपैकी हवी ती घ्या आणि वर नाशिकची हवा खा.

---

सह्यवेडा

परदेश म्हणजे नेपाळही धरा की. :) आम्ही नाशिकहून स्वतःच्या गाडीने गेलो. सोनौलीच्या सीमेवर भन्सार (तिथलं सीमाशुल्क) भरला, दिवसाप्रमाणे पैसे. वर्षात ३० दिवसांपर्यंत भारतीय गाडी ठेवता येते. ना आयात, ना भाडं.

---

तीन_महिने_टेक्सास

भाड्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. मी दोनदा तीन-तीन महिने घेतली.

विमानतळावर घेऊ नका, तिथे त्यांचे वेगळे कर लागतात. गावातल्या शाखेतून महिन्याच्या दराने घ्या. डेबिट कार्डावर बरेच नखरे होतात, क्रेडिट कार्ड लागतं, तेही गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं. अमेरिकेत वयाची वरची मर्यादा सहसा नसते. आयर्लंडला मात्र पंचाहत्तरीच्या पुढच्यांना काही कंपन्या नकार देतात.

काउंटरवर दोन गोष्टी विकायला बघतात आणि आपण दोन्ही एकच समजतो. कोलिजन डॅमेज वेव्हर म्हणजे त्यांच्या गाडीचं नुकसान. लायबिलिटी म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान. पहिलं कार्डावर फुकट मिळतं असं मुलं सांगतात. खरं आहे, पण त्यांच्या अमेरिकन कार्डावर आणि तेही कार्डधारक स्वतः भाडेकरू असेल तर. शिवाय बहुतेक कार्डांचं संरक्षण एका करारात महिन्याभरापुरतंच असतं. आपण तीन महिन्यांचा एकच करार करतो आणि बऱ्याचदा पहिल्या दिवसापासूनच संरक्षण नसतं. दुसरं, म्हणजे लायबिलिटी, कार्ड देत नाही. ते घेतलंच पाहिजे.

हे सगळं धरून मला महिन्याला हजार डॉलरच्या बरंच वर गेलं. सहा आठवड्यांपर्यंत भाडं ठीक. पाच महिने, दर वर्षी, तर विकत घ्या.

---

नांदूरची_लेक

सिन्नरकरांनी नाव घालण्याबद्दल लिहिलं, त्यावर आमच्या घरचा प्रसंग. न्यू जर्सीत माझा भाऊ. बाबा चार महिने राहायला होते, भावाची दुसरी गाडी चालवायचे. दुकानाच्या पार्किंगमध्ये मागे घेताना शेजारच्या गाडीला लागलं. जखम कुणाला नाही, फक्त दार चेपलं. विमा कंपनीने विचारलं, हे कोण, किती दिवस राहतात, रोज चालवतात का, आधी का नाही कळवलं? सहा आठवडे पत्रव्यवहार चालला. शेवटी भावाने खिशातून भरले, कारण बाबांची झोप उडाली होती. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं. बाबा त्यानंतर तिकडे स्टिअरिंगला बसलेच नाहीत. एका फोनचं काम होतं, नाव घालायचं. आधी केलं असतं तर हे झालं नसतं.

---

गोदाकाठची

@नांदूरची_लेक, वाचून गलबलून आलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

आमचं भाड्याचं जवळजवळ बाद झालं. लेक म्हणते, गाडी तिच्याच नावावर घेऊ, माझं नाव पॉलिसीत. आज तिने विमा कंपनीला फोन केला. भारतीय लायसन्सवर नाव घालतात, हप्ता वाढेल. त्यांनी लायसन्सचा क्रमांक, पहिल्यांदा कधी निघालं ती तारीख आणि मुदत मागितलीय. जुनी गाडी घेताना आणखी काय बघायचं?

---

बे_एरियातला_सिन्नरकर

विकणाऱ्याकडून चालू स्मॉग प्रमाणपत्र (आपल्या पीयूसीसारखं) घ्या, ते देणं त्याचं काम आहे. दहा दिवसांत नाव बदलून घ्या. कागदावरच्या किमतीत कर धरलेला नसतो. खाजगी माणसाकडून घेतली तरी डीएमव्हीत नाव बदलताना विक्रीकराएवढी रक्कम भरावी लागते. थोडे पैसे देऊन स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घ्या. फोल्समला उन्हाळा कडक, एसी नीट बघा.

आणि ताई, पहिले आठ दिवस फक्त तीन गोष्टींचा सराव करा. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेला चौक: पूर्ण थांबायचं, जो आधी आला तो आधी जाणार. स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर थांबायचं, दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर समोरून येत असलात तरी. आणि पोलिसाने दिवे लावले तर उजवीकडे थांबून गाडीतच बसायचं, हात स्टिअरिंगवर. आपल्याकडे आपण उतरून साहेबांकडे जातो, तिकडे उतरायचं नाही.

शिवाय फोल्समहून सॅक्रामेंटोला लाइट रेल आहे, गोल्ड लाइन. शहरात जायचं तर गाडी स्टेशनवर लावा आणि रेल्वेने जा.

---

पेठरोडकर

मला एक विचारायचंय. ताई, तुमच्या लायसन्सची मुदत कधी संपते? पंचावन्नच्या पुढे पाचच वर्षांचं मिळतं.

---

गोदाकाठची

आत्ता पर्समधून काढून बघितलं. १९ नोव्हेंबर. याच वर्षीचं! आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस परतणार. म्हणजे मधले तीन महिने मी लायसन्सविनाच चालवलं असतं. हातपाय गार पडले.

---

पेठरोडकर

म्हणूनच विचारलं. दर वर्षी दोन-तीन जण तिकडून घाबरून फोन करतात. मुदतीच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं, तुमचं आजही होईल. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट.

क्रम चुकवू नका. आधी लायसन्सचं नूतनीकरण, वैद्यकीय प्रमाणपत्र फॉर्म १ए सकट. नवं हातात आल्यावर परमिटचा अर्ज. आधी परमिट काढलं असतं तर तेही १९ नोव्हेंबरलाच संपलं असतं, लायसन्सच्या पुढे ते जात नाही. परमिटच संपलं असतं तर २०२१ पासून तिकडच्या भारतीय दूतावासातून अर्ज करता येतो, पण लायसन्सचं काम इथूनच उरकून जावं.

---

रानजाई

पेठरोडकर, तुमचा हा एक प्रश्न सगळ्या धाग्याएवढा मोलाचा. सासऱ्यांचं लायसन्स आत्ता तपासते.

---

कॉलेजरोडची_मैना

आम्ही तिकडून येणारे, इथे दोन आठवडे गाडी लागते. कॉलनीतल्या ओळखीच्याने स्वतःची गाडी दिवसाच्या भाड्याने दिली होती. कसारा घाटात ब्रेक तापून आमची गाडी पुढच्या गाडीवर आदळली, आणि पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने दिली म्हणून विम्याने हात वर केले. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, तीच कायदेशीर भाड्याची.

---

अंबडचा_गॅरेजवाला

+१. आणि घाट उतरताना दुसरा गिअर, नुसते ब्रेक नाही.

---

गोदाकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय.

लायसन्स नवं झालं. डोळ्यांची तपासणी करून घेतली, चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता, बरं झालं कळलं. परमिटचा अर्ज मंजूर झालाय, बुधवारी पेठ रोडला जायचंय. लेकीने दहा वर्षांची एक छोटी ऑटोमॅटिक बघितलीय, शनिवारी मेकॅनिककडे नेणार. नाव तिचं, पॉलिसीत मी, मर्यादा वाढवलेली. आम्ही परतल्यावर ती गॅरेजमध्ये राहील, नॉन-ऑपरेशनवर. जावई म्हणाले, पंधरा दिवसांतून एकदा पळवीन, तर मी त्यांना सिन्नरकरांचा प्रतिसाद दाखवला, की त्या काळात रस्त्यावर आणायचीच नाही.

@काळजीवाहू, तुमचं ऐकून पहिले दहा दिवस ट्रेनर लावलाय. हायवेवर मी जाणार नाही. यांच्या दाढेच्या डॉक्टरकडे आणि लायब्ररीत मात्र मीच नेणार.

@गॅरेजवाले दादा, इथली माझी वॅगनआर पाच महिने उभी राहणार. तुमचं सगळं कागदावर लिहून घेतलंय. फक्त दोन आठवड्यांतून एकदा चालवायला भरवशाचं माणूस नाही. काय करू?

---

अंबडचा_गॅरेजवाला

ताई, वायर काढून, ठोकळे लावून ठेवा. पाच महिने निभतील. फेब्रुवारीत येण्याच्या आठवडाभर आधी फोन करा, किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. मी येऊन हवा भरून, बॅटरी जोडून, एक फेरी मारून ठेवतो.

---

काळजीवाहू

ट्रेनर लावलात हे वाचून बरं वाटलं. पहिल्या दिवशी कसं गेलं ते इथेच लिहा.